शांत रस्ता आणि सुनसान रस्ता

शहापूरचं नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेलं असतं ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे मुंबईच्या नळाचं पाणी. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यातली. तानसाचं दगडी धरण 1892 सालचं, आणि मुंबईला आज सर्वांत जास्त पाणी मिळतं ते भातसातून. दुसरं कारण मुंबई-नाशिक महामार्ग. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही नावं प्रवाशाला ठाऊक असतात ती लोकलच्या फलाटावरच्या पाटीमुळे, नाहीतर महामार्गावरच्या ढाब्यांमुळे. त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि आमच्या तालुक्यावरून गाड्या आणखी वेगाने जाऊ लागल्या.

पण महामार्गावरून एकदा आत वळलं की वेगळाच मुलुख लागतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, बांधावर साग आणि ऐन, मधूनच एखादा ओहोळ आणि त्याच्यावरचा साकव. पाच-दहा मिनिटांनी एखादी मोटारसायकल जाते. दिवसातून दोन-चार वेळा लालपरी, अधूनमधून टमटम. बाकी वेळ रस्ता माणसांचा, गुरांचा आणि सायकलींचा. शेजारच्या मुरबाड तालुक्यातही हेच. कल्याण-नगर महामार्गावर ट्रकांची रांग असते आणि सरळगावहून आत वळलं की तीच हवा हलकी वाटते.

गेली चार वर्षं आम्ही या रस्त्यांवरून सायकली चालवतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. पेशाने आम्ही शिक्षक, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. रविवारी फजरची नमाज झाली की निघायचं आणि ऊन चढायच्या आत, नऊ-साडेनऊपर्यंत घरी यायचं, असा शिरस्ता आहे. रमजानमध्ये सायकली भिंतीला टेकून असतात. आवणीच्या दिवसांतल्या धो-धो पावसातही त्या बाहेर निघत नाहीत. बाकी वर्षभर चाकं फिरतात.

अनेक वाचक आम्हाला विचारतील, की यात लिहिण्यासारखं काय आहे? सायकल काय, पूर्वी घरोघर होती. खरं आहे. पण आमच्या घरात या सायकलीवरून एक प्रश्न उभा राहिला, आणि तो बहुतेक तुमच्याही घरात आज ना उद्या उभा राहील. म्हणून हे लिहितो आहोत.

रस्ता कसा ओळखावा

आधी रस्त्यांविषयी. आपल्या देशात रस्त्यांची जी वर्गवारी आहे तिचा पाया 1943 च्या नागपूर योजनेत घातला गेला: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. रस्ता कोणत्या वर्गातला आहे हे कडेच्या किलोमीटरच्या दगडावरून कळतं. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला गावाकडचा रस्ता. ही योजना 2000 साली सुरू झाली. आमच्या धाकट्याला आम्ही रंग शिकवले ते याच दगडांवरून. पिवळा दिसला की "वळा", केशरी दिसला की "चला".

गंमत म्हणजे फ्रान्समध्ये नेमकं उलट आहे. तिथे राष्ट्रीय रस्त्याच्या दगडाचा माथा लाल आणि जिल्ह्याच्या ताब्यातल्या लहान रस्त्याचा पिवळा. तिथे सायकलवाला पिवळा दगड शोधत जातो. सायकल चालवणाऱ्यांमध्ये फ्रान्सचं नाव निघतं ते 1903 पासून चालत आलेल्या 'टूर द फ्रान्स' या शर्यतीमुळे. पण तिथली खरी दौलत म्हणजे हे जिल्हा रस्ते. साडेतीन लाख किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं आहे त्यांचं. मोठ्या गाड्या द्रुतगती मार्गाने निघून जातात आणि हे रस्ते शेतकऱ्यांना आणि सायकलींना मोकळे राहतात. थोडं अंतर गेलं की गाव येतं, गावात पावाचं दुकान असतं. आमच्या थोरलीने मोबाइलवर या शर्यतीची दृश्यं पाहिली. 2022 पासून बायकांचीही अशी शर्यत नव्याने सुरू झाली आहे, तीही पाहिली. सूर्यफुलांच्या शेतांमधून सायकली चालल्या होत्या. ती म्हणाली, "अब्बा, हे तर आपल्या किन्हवलीच्या रस्त्यासारखंच आहे. फक्त सूर्यफुलाच्या जागी भात."

आमचे नेहमीचे रस्ते सांगतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आसनगाव ते माहुली गाव हा सर्वांत सोपा. अंतर थोडं, आणि समोर सतत माहुली किल्ल्याचे सुळके. दुसरा रस्ता शहापूरहून सापगावचा भातसा नदीवरचा पूल ओलांडून शेणवे आणि किन्हवलीच्या बाजूला जातो. तिथून पुढे सरळगावला निघता येतं, म्हणजे एका सकाळी दोन तालुके. पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडले की नदी फुगते, म्हणून त्या दिवसांत या पुलाकडे जायचं नाही, हा घरातला पक्का नियम. तिसरा शेणव्याहून डोळखांबकडे. या रस्त्याला चढ-उतार आहेत, पण आजोबा पर्वताची भिंत समोर दिसू लागली की पायातला थकवा विसरायला होतो. चौथा आटगावहून अघईमार्गे तानसाच्या बाजूला, अभयारण्याच्या झाडीतून. मुरबाडकडे म्हसा आणि बारवी धरणाच्या बाजूचा रस्ता, आणि धसईकडचा रस्ता, जिथून गोरखगड आणि मच्छिंद्रगड जोडीने उभे दिसतात.

यातल्या प्रत्येक रस्त्याला ऋतूप्रमाणे चेहरा असतो. दसऱ्यानंतर भात कापणीला येतो, दिवाळीच्या सुमारास खळ्यावर झोडणी चालते आणि रस्त्यावरही पेंढा पसरलेला असतो. थंडीत उरलेल्या ओलीवर वाल. फाल्गुनात पळस पेटतो आणि त्याच सुमारास शेतकरी राब भाजतात, त्या धुराचा वास सकाळभर रेंगाळतो. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला ठाकूर आणि कातकरी बाया पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. धसई हे 2016 च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. तरी आम्ही खिशात सुटे पैसे ठेवतो, कारण करवंदं विकणाऱ्या आजीला रोख दहाची नोट जास्त पसंत असते.

घरातला प्रश्न

थोरली सातवीत असेपर्यंत कोणी काही बोललं नाही. आठवीत गेली आणि मुलांच्या फुफींनी एका जुम्म्याला जेवताना विषय काढला. "भाईजान, मुलगी आता लहान राहिली नाही. धाकट्याला न्या हवं तर. तिची सायकल आता पुरे."

फुफी काही जुन्या विचारांच्या नाहीत. त्यांनी स्वतः बारावीपर्यंत शिक्षण घेतलं आहे. त्यांना काळजी होती आणि ती काळजी खोटी नव्हती. कडेच्या नाक्यावर टवाळ पोरं उभी असतात. मागून येणारा डंपर कोणाला बघत नाही. काही झालं तर आजूबाजूला कोण असणार? शिवाय नातेवाइकांत बोललं जाईल, ते वेगळंच. थोरली ताटाकडे बघत राहिली. त्या रात्री तिने आम्हाला एकच गोष्ट विचारली: "मी मोठी झाले तर रस्ता लहान का होतो?"

शिक्षक म्हणून हा प्रश्न आम्ही वर्गात रोज पाहतो, फक्त या शब्दांत नाही. आसपासच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलींची संख्या सातवीपर्यंत ठीक असते. आठवीला शाळा लांब जाते आणि पट गळायला लागतो. एसटी वेळेवर आली नाही की पहिले दोन तास बुडतात. जीपमध्ये मुलगी बसवायची तर रोजचं भाडं आणि वर गर्दी. घरचे म्हणतात, राहू दे. त्यात दिवाळी सरली की कातकऱ्यांची कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, मुलं त्यांच्याबरोबर जातात, आणि जानेवारीच्या हजेरीपटावर रिकाम्या चौकटी दिसतात. आमच्या शाळेत दोन बहिणी एकाच सायकलवर येत होत्या. येताना थोरली पेडल मारायची, जाताना धाकटी. ती सायकल एका मदतीतून मिळालेली होती. दोघीही दहावी झाल्या. त्यांच्या पाड्यावरच्या, त्याच वयाच्या बाकीच्या मुलींपैकी एकही झाली नाही.

सायकलीने मुलींच्या शिक्षणात फरक पडतो हा काही आमचाच अनुभव नाही. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. सर्वांत जास्त फरक पडला तो जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती त्या गावांत. त्याच्याही आधी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम घेतला. हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. त्यात जुन्या वळणाच्या घरांतल्या मुस्लिम तरुणीही होत्या. अक्षर आणि सायकल एकत्र शिकवण्यामागचा विचार साधा होता: वाचता येणाऱ्या बाईला जिथे जायचं तिथे जाताही आलं पाहिजे.

हे सगळं आम्ही फुफींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बिहारच्या मुलींचं बरं झालं. मी आपल्या मुलीबद्दल विचारते आहे."

अम्मींचे तीन सवाल

मग आमच्या अम्मी बोलल्या. मुलांच्या दादी. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, पण डोकं तल्लख. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं नुसते वाद घालता. कोणत्या रस्त्याने जाते ती? मला दाखवा तो रस्ता."

पुढच्या रविवारी ओळखीच्या चाचांची रिक्षा ठरवली. पुढे आम्ही सायकलींवर, मागून रिक्षात अम्मी. चाचांना सांगितलं होतं, सायकलीच्या पुढे जायचं नाही. त्या दिवशी आम्ही मुद्दाम तानसाच्या बाजूचा रस्ता घेतला, कारण आम्हाला तो सर्वांत आवडता. गर्द झाडी, गाडीचा आवाज नाही, पाखरांशिवाय दुसरा आवाज नाही. अर्ध्या तासाने अम्मींनी रिक्षा थांबवायला लावली. खाली उतरल्या, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा रस्ता नको."

"का अम्मी? किती शांत आहे."

"हा शांत नाही बेटा, हा सुनसान आहे."

त्याच्या पुढच्या रविवारी किन्हवलीच्या बाजूचा रस्ता दाखवला. गाड्या तिथेही कमीच. पण दर एक-दीड किलोमीटरवर एखादी वाडी. विहिरीवर बायका, अंगणात भात वाळत घातलेला, शेतात माणसं वाकलेली, शाळेच्या आवारात क्रिकेट खेळणारी पोरं. एका वाडीशी अम्मींनी पाणी मागितलं. घरातल्या म्हाताऱ्या बाईने तांब्या आणून दिला आणि खाट ओढली. "बस गं बाय, उन्हाची आलीस. ही पोर तुझी नात काय?" दोघींचं अर्धा तास बोलणं झालं. गुडघ्यांचं दुखणं, सुनांचं वागणं, यंदाचा पाऊस. निघताना त्या बाईने थोरलीला सांगितलं, "सायकलीवरून येशील तेव्हा हाक मार गं. पाणी पिऊन जा."

परतताना अम्मी म्हणाल्या, "हा रस्ता चालेल." आणि मग त्यांनी तीन सवाल सांगितले, जे आजही आमच्या घरात नवा रस्ता निवडताना विचारले जातात. पहिला, पाणी कुठे मागता येईल? दुसरा, बाईमाणूस कुठे दिसतं? तिसरा, सायकल बिघडली तर परत यायला दुसरं काही मिळतं का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर रस्ता मुलीसाठी योग्य. नाही मिळाली, तर तो रस्ता चौघांनी मिळून जायचा, एकटीने नाही.

आम्ही दोघांनी नकाशे पाहिले होते, दगडांचे रंग पाहिले होते, चढ-उतार मोजले होते. अम्मींनी रस्त्यावरची माणसं मोजली. शांत रस्ता म्हणजे ज्याच्यावर गाड्या नाहीत. सुनसान रस्ता म्हणजे ज्याच्यावर माणसं नाहीत. दोन्हींत आवाज सारखाच कमी असतो, म्हणून फरक पटकन लक्षात येत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र सगळा फरक तिथेच आहे. फ्रान्सच्या त्या लहान रस्त्यांची कीर्ती आहे तीही याचमुळे असावी: थोड्या-थोड्या अंतरावर गाव येतं.

आता थोरली नववीत आहे. आठवड्यातून तीन दिवस ती आणि तिच्या दोन मैत्रिणी क्लासला सायकलीने जातात, अम्मींनी पास केलेल्या रस्त्याने. फुफी अजून पूर्ण राजी नाहीत. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची स्वतःची मुलगी आमच्याकडे आली आणि चौथ्या दिवशी अंगणात सायकल शिकू लागली. फुफींनी फोनवर विचारलं, "पडली तर नाही ना?" बंद करायला सांगितलं नाही.

काही कामाच्या गोष्टी

ज्या घरांत मुली सायकल चालवतात त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. ओढणी हा सर्वांत मोठा धोका. ती चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेली तर मुलगी सरळ खाली येते. म्हणून ओढणी खांद्यावर पिन लावून मागे घट्ट बांधावी, किंवा छोटा स्कार्फ वापरावा जो हेल्मेटखाली नीट बसतो. सायकल घेताना चेनवर पूर्ण कव्हर आहे का आणि मागच्या चाकाला कपडा अडवणारी जाळी आहे का, हे पाहावं. सलवारची मोहरी रबराने किंवा क्लिपने आवळावी. गिअरची महागडी सायकल लागतेच असं नाही; आमच्या मुलीची साधी आहे आणि शेणव्यापर्यंत तिचं काही अडत नाही. सीटची उंची मात्र बरोबर हवी. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी. बहुतेक मुलींची सीट फार खाली असते आणि मग त्या लवकर थकतात.

मागे लाल रिफ्लेक्टर, हँडलला घंटी, पाण्याची बाटली, पंक्चरची पेटी आणि छोटा पंप, इतकं सामान पुरतं. पंक्चर काढायला मुलींनी शिकलंच पाहिजे. आम्ही तिघींना, म्हणजे थोरलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना, एका सायकलवाल्या चाचांकडे दोन रविवार बसवलं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणं, कानसने घासणं, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबणं, मग पॅच दाबणं. चाचांनी पन्नास वर्षं हेच केलं आहे आणि याच कमाईवर तीन मुलं शिकवली. अलीकडे आपल्या समाजाला हिणवायचं असलं की "पंक्चरवाले" म्हणण्याची पद्धत पडली आहे. हे काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना यात हिणवण्यासारखं काही सापडणार नाही. रस्त्यावर अडकलेल्या माणसाला पुन्हा चालतं करणारा हा हात आहे. आमच्या मुलींना तो हुनर आता येतो, आणि गेल्या महिन्यात त्यांनी रस्त्यात अडकलेल्या एका पोस्टमनभाऊंची ट्यूब जोडून दिली.

आणि हे केवळ पोरीबाळींचं, फिरण्याचं साधन आहे असं कोणी समजू नये. कसारा घाटाच्या पलीकडच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. डॉक्टरकीचा व्यवसाय सांभाळून त्यांनी हे केलं. आमच्यासारख्यांना तेवढं जमणार नाही, पण चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब घरोघर शिरलेला असताना रविवारी पंचवीस किलोमीटर जमायला हरकत नाही.

रस्ते बदलत आहेत

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. हे रस्ते असेच राहणार नाहीत. शहापूर-मुरबाड-कर्जत हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. जिथे रुंदीकरण होतं तिथे खडी-वाळूचे डंपर आधी येतात, मग फार्महाऊसच्या पाट्या, आणि मग शनिवार-रविवारच्या वेगवान गाड्या. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक बिबट्या वन खात्याने बाहेर काढून माळशेज घाटात सोडला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे तो कुठे जातो हे कळत होतं. 'आजोबा' असं नाव पडलेला तो बिबट्या आमच्याच डोंगरांतून, कसाऱ्याची रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. वाटेत त्याने कोणावर हल्ला केला नाही. पुढे 2011 मध्ये तो मेला, तो रस्त्यावर वाहनाच्या धडकेने.

तरीही, रस्ते होऊच नयेत असं आम्ही म्हणू शकत नाही. आमच्याच तालुक्यांत असे पाडे आहेत जिथून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावा लागतो. ज्यांच्या धरणांचं पाणी मुंबई पिते त्यांच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, आणि टँकर यायलाही रस्ता लागतो. आपल्या रविवारच्या फेरीसाठी कोणाचा रस्ता कच्चा राहावा, अशी इच्छा करणं इन्साफाचं होणार नाही. मागणं इतकंच आहे की रुंद रस्ता बांधताना कडेला हातभर जागा चालणाऱ्याला आणि सायकलीला सोडा, शाळेपाशी गतिरोधक घाला, आणि डंपरला शाळेच्या वेळा पाळायला लावा. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. आम्ही मांडला. शाळेजवळच्या गतिरोधकाचा ठराव झाला, अजून गतिरोधक झालेला नाही. पाठपुरावा चालू आहे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया गुलाबी लुगडं नेसून, पाटी घेऊन तिथे अक्षरं गिरवू लागल्या. लहानपणी शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही किंवा त्यांना शाळेपर्यंत पोहोचता आलं नाही. आम्ही हे अम्मींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी शाळा दोन कोसांवर होती. दुसरीनंतर मला कोणी सोडायला येणारं नव्हतं." आम्हा दोघांना लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

वाचकहो, तुम्ही भिवंडीत राहत असाल, मिरजेत, औरंगाबादेत किंवा चिपळूणला. तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर एखादा असा रस्ता असेलच. किलोमीटरच्या दगडांचे रंग पाहा, एक रविवार सकाळ काढा. आणि घरात वाढत्या वयाची मुलगी असेल तर तिला सायकल द्यायची की नाही हे दिवाणखान्यात बसून ठरवू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला रिक्षात बसवा आणि तो रस्ता आधी त्यांना दाखवा. पाणी कुठे मिळेल, बाईमाणूस कुठे दिसेल, परत यायची सोय काय, हे त्यांना बरोबर दिसतं.